वाघमार्का बस आणि लाकडी खिडक्या

दक्षिण कोलकात्यात जादवपूरला जायचं असेल, तर रिक्षावाल्याला नुसतं ‘एट-बी’ म्हटलं तरी पुरतं. विद्यापीठाजवळच्या त्या चौकाला लोक त्याच नावाने ओळखतात. हावडा स्टेशनहून जादवपूरला येणाऱ्या बसचा तो क्रमांक. बसचा नंबर हा वस्तीचा पत्ता होऊन बसला, आणि तो आजही कोणी बदललेला नाही. शहराच्या आयुष्यात बस किती खोलवर मुरली असेल, याचा हा एक पुरावा.

मुंबईकराला शहरातली बस म्हणजे बेस्ट. लाल गाडी, एकच उपक्रम, एकच तिकीट. कोलकात्याची गोष्ट मुळातच वेगळी आहे. तिथे एकाच रस्त्यावर ब्रिटिश ट्राम कंपनी, राज्य सरकार, मिनीबसवाले आणि एकेका गाडीचे हजारो खासगी मालक आपापल्या बस चालवत आले. कोणा एकाच्या दप्तरात हा सगळा इतिहास सापडत नाही. आणि म्हणूनच तो फार वेगाने हातातून निसटतो आहे.

सुरुवात घोड्यांपासून झाली. लंडनमध्ये 1829 साली घोड्यांची ऑम्निबस सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी कलकत्त्यात धर्मतळा ते बराकपूर अशी घोड्यांची बस धावल्याची नोंद सांगितली जाते. मग आली ट्राम. 24 फेब्रुवारी 1873 रोजी सियालदह ते आर्मेनियन घाट अशी घोड्यांची ट्राम निघाली, काही महिन्यांतच बंद पडली आणि 1880 मध्ये लंडनला स्थापन झालेल्या कलकत्ता ट्रामवेज कंपनीने ती पुन्हा उभी केली. 1902 मध्ये ती विजेवर गेली. पुढची वीस वर्षं शहराच्या रस्त्यांवर ट्रामचंच राज्य होतं.

त्याला धक्का दिला मोटारबसने. 1920 नंतर खासगी मालकांच्या गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या. परदेशी लॉरीची चासी आणायची, स्थानिक सुतार-लोहारांकडून तिच्यावर लाकडी बॉडी चढवून घ्यायची आणि भाडं मारायचं, असा तो धंदा होता. स्टिअरिंगवर बहुधा पंजाबहून आलेला शीख चालक असे. भवानीपूर भागात शिखांची वस्ती आणि गुरुद्वारे उभे राहिले, त्यात टॅक्सी आणि बसच्या या कामाचा मोठा वाटा आहे. ट्राम रुळावरून हलू शकत नाही, बस मात्र गर्दी असेल तिथे जाते, हे ट्राम कंपनीच्याही लक्षात आलं आणि तिनेही बस काढून पाहिल्या.

याच काळातली एक गोष्ट मराठी वाचकाला चकित करील. डबलडेकर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुंबई येते. मुंबईत मोटारबसच मुळी 15 जुलै 1926 रोजी सुरू झाली, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर, आणि दुमजली बस यायला 1937 साल उजाडलं. कलकत्त्यात वॉलफोर्ड कंपनीची दुमजली बस 1926 मध्येच श्यामबाजार ते काळीघाट अशी धावू लागली होती. उत्तरेची जुनी बंगाली वस्ती आणि दक्षिणेचं देवस्थान यांना जोडणारा तो मार्ग. आजही शहराचा कणा तोच आहे.

स्वातंत्र्यानंतर सरकार या धंद्यात उतरलं. इथेही महाराष्ट्राशी तारखांचा जवळचा मेळ आहे. आपली एसटी 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला निघाली आणि कलकत्त्यात पश्चिम बंगाल सरकारची बससेवा त्याच वर्षी 31 जुलैला सुरू झाली. दोन महिन्यांचाच फरक. हेतू मात्र पुष्कळच निराळे होते. एसटीला गावं जोडायची होती. मुख्यमंत्री बिधानचंद्र रॉय यांच्या सरकारपुढे फाळणीने पूर्व बंगालमधून आलेले निर्वासितांचे लोंढे होते, शहर माणसांनी फुगत चाललं होतं आणि शिकलेल्या तरुणांना काम हवं होतं. सरकारी बसच्या चालक-वाहकांच्या नोकऱ्यांनी अशा अनेक घरांत चूल पेटवली. कलकत्त्याच्या बसचा इतिहास लिहिताना इंजिन आणि मॉडेल यांच्या आधी ही बाजू लिहायला हवी.

1960 मध्ये या सेवेचं कलकत्ता राज्य परिवहन महामंडळ झालं. त्याच्या लाल गाड्यांवर वाघाच्या तोंडाचं चिन्ह असे, म्हणून लोक त्यांना वाघमार्का बस म्हणत. त्यांत सर्वांत लाडक्या होत्या दुमजली. अशोक लेलँडच्या टायटन जातीच्या गाड्या तर होत्याच, पण आणखी एक अजब प्रकार होता. पुढे ट्रकसारखी सुटी केबिन आणि तिच्यामागे जोडलेला अख्खा दुमजली डबा. तसल्याच गाड्या मुंबईत बेस्टनेही चालवल्या होत्या. चालक प्रवाशांपासून पूर्ण वेगळा, इंजिनाचा धडधडाट केबिनपुरता, आणि वळण घेताना मागचा डबा थोडा उशिराने वळायचा. वरच्या मजल्यावरच्या पुढच्या बाकासाठी पोरांची झुंबड उडे.

दूरच्या प्रवासाच्या बसनेही या शहराशी नातं जोडलं होतं. 15 एप्रिल 1957 रोजी ‘इंडियामन’ नावाची बस लंडनहून निघाली आणि युरोप, तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान ओलांडून 5 जूनला कलकत्त्यात पोचली. एका बाजूचं भाडं 85 पौंड. पुढे ‘अल्बर्ट’ नावाची दुमजली बसही या वाटेने फेऱ्या करत असे. जगातल्या सर्वांत लांब बसप्रवासांपैकी एकाचं शेवटचं स्थानक कलकत्ता होतं, हे आज तिथल्या तरुणांनाही सांगावं लागतं.

पण शहराचा रोजचा भार वाहिला तो खासगी बसने आणि 1970 च्या दशकात आलेल्या तपकिरी-लाल मिनीबसने. सरकारने शहरातले बरेच मार्ग स्वतःकडे घेतले खरे, पण गर्दी त्याला आवरेना. खासगी गाड्या परत आल्या त्या कायमच्याच.

निळ्या-पिवळ्या रंगाची ती खासगी बस नीट पाहावी अशी होती. चासी टाटा किंवा लेलँडची, पण बाकी सगळं शहरातल्या आणि आसपासच्या कारखान्यांत हाताने घडवलेलं. छत ठेंगणं, आतून लाकडी पट्ट्या मारलेलं. खिडक्यांना काच नाही. पावसात वरून खाली ओढायची लाकडी झडप. डाव्या बाजूला लांबलचक लेडीज सीट. दारावर आणि पाठीमागे रंगाऱ्याने काढलेली फुलं, डोळे, देवतांची नावं, मालकाच्या मुलांची नावं. एका कारखान्याची बस दुसऱ्यासारखी नसे. जाणकार माणूस खिडकीच्या कमानीवरून बॉडी कोणाची ते ओळखे.

आत कंडक्टर. नोटा उभ्या दुमडून बोटांच्या फटींत खोवलेल्या, तळहातात रंगीत पातळ तिकिटांच्या गड्ड्या आणि त्यांच्या कडांवर अंगठा फिरवून केलेली ती करकर. हाच तिकीट मागण्याचा इशारा. दारात लोंबकळत तो मार्गातली सगळी नावं एका दमात म्हणे आणि हाताने पत्र्यावर थाप मारी. कोणी बाई मुलाला घेऊन उतरत असेल तर चालकाला ओरडून सांगे, “आस्ते लेडीज, कोले बाच्चा!” म्हणजे सावकाश, बाई उतरते आहे, कडेवर मूल आहे. भरधाव बस त्या एका हाकेवर थांबे. नागपूरमार्गे आलेली मुंबई मेल हावड्याला सोडून हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात जाणाऱ्या मराठी माणसांच्या कानांवर बंगालीतले पहिले शब्द बहुधा असेच पडले असतील.

या धंद्याचं गणित कळल्याशिवाय त्याची शर्यत कळत नाही. खासगी बसच्या चालक-वाहकांना महिन्याचा पगार नसतो. दिवसभराच्या तिकीटविक्रीतला ठरलेला टक्का हीच त्यांची कमाई. शेवटच्या थांब्यावर बसलेला स्टार्टर गाड्या वेळेने सोडतो, पण एकदा सुटल्यावर पुढच्या बसला गाठलं तर प्रवासी आपले, मागे राहिलं तर तिचे. म्हणून एकाच नंबरच्या दोन बस एकमेकींना कापत पळतात, आणि रिकाम्या असतील तेव्हा चौकात रेंगाळतात. बंगालीत या चढाओढीला रेषारेषी म्हणतात. तिने अनेकांचे जीव घेतले आहेत आणि वर्तमानपत्रं चालकांना बोल लावत आली आहेत. चालकाचा दोष असतोच. पण ज्या पद्धतीत हळू चालवणाऱ्याच्या घरी कमी पैसे जातात, ती पद्धत पिढ्यान्‌पिढ्या तशीच ठेवणाऱ्यांकडे कमी बोटं वळली, हा अन्याय आहे.

मालकही बहुतेक श्रीमंत नव्हते. एक किंवा दोन गाड्या, त्यांवर कर्ज, आणि भाडं ठरवणं सरकारच्या हाती. या शहरात भाडं हा नेहमीच राजकारणाचा विषय. 1953 मध्ये ट्रामच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं एका पैशाने वाढलं, तेव्हा शहर पेटलं होतं. त्या आठवणीने तिथल्या प्रत्येक सरकारला भाडेवाढीची धास्ती असते. 2018 मध्ये खासगी बसचं किमान भाडं 7 रुपये झालं. मग कोविड आला, डिझेल भडकलं आणि मालक परवानगीविना जास्त पैसे घेऊ लागले. कित्येकांनी गाड्या उभ्या केल्या.

जुन्या गाड्यांवर खरा घाव मात्र न्यायालयाच्या निकालाने बसला. हवेतल्या विषारी धुराविरुद्धच्या याचिकेवर कलकत्ता उच्च न्यायालयाने जुलै 2008 मध्ये आदेश दिला: 15 वर्षांहून जुनी व्यावसायिक वाहनं महानगर क्षेत्रातून बाद करा. 1 ऑगस्ट 2009 पासून अंमल सुरू झाला आणि हाताने घडवलेल्या त्या लाकडी बस पाहता पाहता रस्त्यांवरून गेल्या. काही जिल्ह्यांकडे वळल्या, बाकीच्या भंगारात. आदेश चुकीचा नव्हता. त्या धुरात श्वास घेणाऱ्यांत चालक-वाहक सर्वांत पुढे होते. दुमजली बस तर 2005 मध्येच संपल्या होत्या. देखभाल महाग आणि सुटे भाग दुर्मीळ, ही त्यामागची कारणं. ऑक्टोबर 2020 मध्ये सरकारने पर्यटकांसाठी दोन उघड्या छताच्या निळ्या-पांढऱ्या दुमजली गाड्या आणल्या, पण त्या रोजच्या माणसाच्या नव्हेत.

2009 मध्ये जुन्यांच्या जागी आलेल्या बसनी 2024 मध्ये पंधरा वर्षं पुरी केली आणि तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. गाडीचं वय न पाहता तिची अवस्था आणि धूर तपासा, असं मालकांचं म्हणणं होतं. ते पटण्याजोगं आहे, तपासणी प्रामाणिक असेल तर.

आठवणी जपण्याच्या बाबतीत ट्रामचं एवढं वाईट झालं नाही. 1938 च्या एका ट्रामडब्यात ‘स्मरणिका’ हे छोटं संग्रहालय एस्प्लनेडला 2014 मध्ये सुरू झालं. मुंबईत बेस्टने आणिक आगारात आपल्या जुन्या वस्तू सांभाळल्या आहेत. कोलकात्याच्या खासगी बसचा असा वाली कोणी नाही, कारण ती कोणा एका संस्थेची कधीच नव्हती. शहरातली बसवेडी तरुण मंडळी फोटो, मार्गफलक आणि तिकिटं जमवतात, तेवढाच आधार.

2016 मध्ये सरकारी बस आणि ट्राम चालवणाऱ्या संस्था पश्चिम बंगाल परिवहन महामंडळात एकत्र आल्या, म्हणजे पाइकपाडा, बेलघरिया, कसबा, लेक यांसारखी मोठमोठी आगारं आता एका छताखाली आहेत. त्यांतल्या एका शेडच्या कोपऱ्यात लाकडी झडपांची एक खासगी बस आणि वाघाचं तोंड असलेली एक दुमजली बस सहज मावेल. बॉडी घडवणारे आणि रंगवणारे जुने कारागीर आज म्हातारे झाले असले, तरी त्यांतले काही अजून हयात असतील. मूळ गाडी मिळाली नाही, तर तिचं माप आणि तिची रीत सांगायला निदान ही माणसं आहेत. हे काम त्यांच्या हयातीतच व्हायला हवं.