गाडगीळांचा धडा आणि भिवंडीचा मागवाला

अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पुण्याच्या गोखले संस्थेत केवळ ग्रंथ लिहीत बसले नाहीत. विठ्ठलराव विखे पाटलांच्या हाकेला ओ देऊन ते प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९५० च्या सुमारास तेथे ऊस पिकविणाराच साखरेचा मालक झाला.

भिवंडीत मजुरीवर माग चालविणाऱ्याचे तसे नाही. सूत व्यापाऱ्याचे, कापडही त्याचेच. मंदी आली की सूत थांबते. जागेचे भाडे आणि कर्जाचा हप्ता थांबत नाही.

मी स्वतः व्यापारी आहे, तरी सांगतो. दहा-बारा मागवाल्यांनी मिळून सूत घ्यावे, हिशेब सर्वांपुढे उघडा ठेवावा, कापड स्वतः विकावे. नफा वाटून घ्यावा, तोटाही. शिरकतीचा अर्थच तो.