गोलरक्षकाचा पाय आणि कॅमेऱ्याचे लघुत्तम माप

जुन्नर-आंबेगावच्या घाटांत बैलगाड्यांचा निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागावर लागतो. फुटबॉलच्या पेनल्टीतही हिशेब तितकाच बारीक असतो.

चेंडू गोलरेषेपासून 11 मीटरवर असतो. त्याचा वेग सेकंदाला 25 मीटर धरला, तर तो 0.44 सेकंदात पोहोचतो. त्यातले सुमारे 0.2 सेकंद गोलरक्षकाच्या प्रतिक्रियेतच जातात. म्हणून त्याला आधीच पुढे येण्याचा मोह होतो. तो एक मीटर पुढे आला, तर 7.32 मीटरऐवजी 6.65 मीटर रुंदीच सांभाळावी लागते. समरूप त्रिकोण काढून हे पडताळता येईल.

म्हणून नियम असा, की चेंडूला लाथ बसताना गोलरक्षकाच्या निदान एका पायाचा काही भाग रेषेवर, रेषेच्या सरळ वर किंवा तिच्या मागे हवा. नियम मोडून चेंडू अडवल्यास पेनल्टी पुन्हा घेतात.

2022 साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात पंचांच्या मदतीला व्हिडिओ होता. मडगावच्या उपांत्य सामन्यात कोलंबियाने नायजेरियाला पेनल्टींवर 6-5 असे हरवले. एका पावलाचे मोल एवढे असते.

पण कॅमेरा सेकंदाला 50 चित्रे घेत असेल, तर दोन चित्रांत 0.02 सेकंदांचे अंतर पडते. सेकंदाला 4 मीटर वेगाने निघालेला पाय तेवढ्यात 8 सेंटिमीटर सरकतो. लाथ नेमकी या दोन चित्रांमध्ये बसली तर? मोजपट्टीप्रमाणे कॅमेऱ्यालाही लघुत्तम माप असते. त्याहून बारीक निवाडा त्याच्याकडून मागता येत नाही.

मैदानावर मोबाइलने साधे आणि संथगती असे दोन्ही चित्रण करून विद्यार्थ्यांना हा फरक मोजायला सांगावे.