सूर्यकिरण आणि 'लांडगा' नांवाचे दोन रोग

सूर्यप्रकाश आरोग्यास हितकर, हें आम्ही बालबोध पुस्तकांत शिकलों, आणि तें खोटें नाहीं. तथापि ज्या प्रकाशानें एका रोगानें ग्रासलेल्या अनेकांस गुण आला, तोच प्रकाश त्याच नांवाच्या दुसऱ्या रोगास चेतवितो, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक नसेल.

लॅटिन भाषेंत 'लूपस' म्हणजे लांडगा. लांडग्यानें लचका तोडावा तसा चेहरा विद्रूप करणाऱ्या त्वचेच्या क्षयरोगास वैद्यांनीं हें नांव दिलें होतें. डेन्मार्कमध्यें डॉक्टर नील्स फिन्सेन ह्यांनीं विजेच्या दिव्याचा प्रखर प्रकाश भिंगांनीं एकवटून ह्या क्षतांवर पाडिला व रोग्यांस बरें केलें. त्याबद्दल त्यांस १९०३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. ज्या दुसऱ्या लूपसाविषयीं आम्ही लिहीत आहोंत, त्याच्या मुळाशीं क्षयाचा जंतु नाहीं. त्यांत शरीराचें रक्षक सैन्यच आपल्या घरावर उलटतें.

लोलकांतून सूर्यप्रकाश नेल्यास तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा पट्टा दिसतो, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं पाहिलेंच आहे. १८०१ सालीं जर्मनींत रिटर ह्यांस असें आढळलें कीं, जांभळ्या रंगाच्याही पलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं, तेथें सिल्व्हर क्लोराइड हा रुप्याचा क्षार अधिक लवकर काळा पडतो. ह्या अदृश्य किरणांस जंबुपार अथवा अतिनील किरण म्हणतात.

हे किरण त्वचेच्या वरच्या थरांतील पेशींत शिरून त्यांच्या डी. एन. ए. नामक आनुवंशिक द्रव्यास इजा करितात. फार दुखावलेली पेशी आपण होऊन मरते, व भक्षक पेशी तिचे अवशेष मुकाट्यानें उचलून नेतात. निरोगी त्वचेंत ही झाडलोट इतकी व्यवस्थित चालते कीं, थोडी लाली येऊन प्रकरण मिटतें. लूपसाच्या रोग्यांत मात्र हा कचरा वेळेवर उचलला जात नाहीं. पेशीच्या पोटांत दडलेलीं द्रव्यें उघडीं पडतात. रक्तांत त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडें आधींच तयार असतात, तीं त्यांस चिकटतात. आणि विषाणु शिरल्यावर 'इंटरफेरॉन' नामक द्रव्याच्या द्वारें जी हाकाटी व्हावयाची, ती शत्रु नसतांही सुरू होते. त्या हांकेस धांवून आलेलें सैन्य आणखी पेशी मारितें, म्हणजे आणखी कचरा. हें चक्र कित्येक आठवडे चालूं शकतें, आणि कधीं सांधे व मूत्रपिंडेंही त्यांत सांपडतात.

१८६८ सालीं बर्लिन येथें पाउल लांगरहान्स ह्या वैद्यक शिकणाऱ्या तरुणानें त्वचेंत फांद्या फुटल्यासारख्या पेशी शोधिल्या. त्या मज्जातंतूंच्या असाव्यात, असें त्यास वाटलें. (तर्क चुकला, पण नांव अमर झालें!) वस्तुतः त्या रक्षक पेशी होत. उन्हानें पोळणाऱ्या शेजारच्या पेशींस त्या जगण्यास साह्य करितात, व लूपसांत हेंच साह्य उणें पडतें, असें २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें.

हा रोग पुरुषांपेक्षां स्त्रियांस सुमारें नऊ पट अधिक होतो, व तोही बहुधा तारुण्यांत. म्हणून पालकांस दोन शब्द. गालांवर व नाकाच्या दांड्यावर फुलपाखराच्या पंखांसारखा लाल चट्टा, उन्हांतून आल्यावर त्याचें वाढणें, सोबत ज्वर, थकवा व सांधेदुखी, अशीं लक्षणें असलेली मुलगी कवायतीच्या वेळीं सावली शोधूं लागली, तर तिला कामचुकार ठरवूं नये. 'अंगांतील उष्णता' म्हणून लेप लावण्यांत महिने दवडूं नयेत. तिच्या शेजारीं बसण्यास मैत्रिणींनींही भिऊं नये, कारण हा रोग स्पर्शानें पसरत नाहीं. खिडकीच्या कांचेनें ह्या किरणांपैकीं कांहींच अडतात, व विरळ ढगांनीं ते पुरते रोखले जात नाहींत. यास्तव छत्री, लांब बाह्या व दुपारचें ऊन टाळणें हें अशा रोग्यानें ढगाळ दिवशींही पाळावें लागतें. ऊन टाळल्यानें 'ड' जीवनसत्त्व कमी पडूं शकतें, तें डॉक्टर तपासून देतात. औषधांत आज मुख्य आहे तें हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन, म्हणजे मूळचें हिवतापाचें औषध. तें डॉक्टरांच्या देखरेखीखालींच घ्यावें, व तें चालूं असेपर्यंत वेळोवेळीं डोळे तपासून घ्यावे.