उतरायचा जिना

भाचीच्या सशाचं नख मुळापासून उपटलं, तेव्हा त्याच्या दुमजली पिंजऱ्याकडे मी पहिल्यांदा नीट पाहिलं. खालून वर जायला तारेच्या जाळीची एक पट्टी टेकवलेली होती. मजल्याची उंची दीड फूट आणि पट्टी जेमतेम २ फूट. चढ जवळजवळ ५० अंशांचा. एवढा उभा जिना माणसाच्या घरात कुणी बांधला असता तर सोसायटीत भांडण झालं असतं. सशाने तक्रार कुठे करायची?

मलमपट्टी करताना डॉक्टरांनी त्याचा पाय उलटा करून दाखवला. कुत्र्यामांजरांच्या तळव्याला असते तशी गादी तिथे नाही, नुसती दाट लव. मातीत ठीक, गुळगुळीत फळीवर मात्र मोजे घालून फरशीवर धावल्यासारखं. जाळीवर सतत बसलं की तळव्याला जखमा होतात, हे वेगळंच. शिवाय हाडं हलकी. मांजराच्या वजनात हाडांचा वाटा १२-१३ टक्के, सशाच्या ७-८. मागच्या पायांत जोर मात्र इतका, की घसरून घाबरला आणि झटका दिला तर स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो.

म्हणून मी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटजवळच्या एका मिस्त्रींकडे गेले. सत्तरीचे असतील. आयुष्यभर वाड्यांचे जिने दुरुस्त केलेले. सशाचं काम म्हटल्यावर हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘चढताना पडला की उतरताना?’’

उतरताना.

‘‘मग बरोबर. जिना चढायला नसतो ताई, उतरायला बांधायचा असतो. चढणारा कसाही चढतो.’’

त्यांचा हिशोब सरळ होता. जेवढं चढायचं त्याच्या दुप्पट फळी. दीड फुटाला ३ फूट. म्हणजे उतार बरोब्बर ३० अंशांचा. अडचण एवढीच, की तशी फळी आडवी ३१ इंच जागा खाते आणि पिंजरा अडीच बाय अडीच, म्हणजे ३० इंचांचा. फळी आखूड करू या, एका इंचाने काय होतंय, असं मी म्हणाले. ‘‘दुप्पट म्हणजे दुप्पट,’’ असं म्हणून त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली आणि मधे चौक काढला: दीड-दीड फुटाचे दोन तुकडे, कोपऱ्यात फूटभराचा चौक, तिथून काटकोनात वळण. वाड्यात असतं तसंच.

लाकूड पॅकिंगच्या खोक्याचं, चीडाचं. प्रत्येक फळी उलटून ते शिक्का शोधत होते. ‘एचटी’ म्हणजे गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेली. ‘एमबी’ म्हणजे औषधाची धुरी दिलेली, ती बाजूला. प्लायला तर त्यांनी हातच लावला नाही. सशाचे दात जन्मभर वाढतात, समोर येईल ते तो कुरतडणार. मग डिंक त्याच्या पोटात कशाला? स्क्रूसुद्धा सगळे खालून. रंध्याखालून राळेचा वास सुटला आणि दुकानाबाहेरच्या टेम्पोंचा धूर थोडा वेळ विसरायला झाला. तो वास अजून माझ्या ओढणीला आहे.

आडव्या पट्ट्या किती अंतरावर मारायच्या यावर ते अडले. ‘‘पाऊल केवढं?’’ मला काय माहीत! घरी भाचीने सशाचे पाय कणकेच्या पिठात टेकवले आणि त्याला काळ्या कार्डशीटवर सोडलं. गौरी आणताना काढतात तशी पावलं उमटत गेली, फक्त ही गौर मधेच कागद खायला लागली. मागचं पाऊल साडेतीन इंच भरलं. मिस्त्रींनी पट्ट्या दोन-दोन इंचांवर घेतल्या. पाऊल कुठेही पडो, खाली एक पट्टी आलीच पाहिजे. उंची पाव इंच, कडा पॉलिश पेपरने गोल. त्या कडांवर ते हाताचा अंगठा नव्हे, मनगटाची आतली बाजू फिरवत होते. अंगठा आता निबर झालाय, त्याला कळत नाही, म्हणाले.

बाकीचं तासाभरात झालं. दोन्ही बाजूंना तीन-तीन इंचांचा कठडा, आणि चढताना डोकं आपटू नये म्हणून वरच्या मजल्याचं भोक मोठं केलं. जाता जाता म्हणाले, ‘‘वरचा मजला हवाच का पण? बिळात राहणारं जनावर ते.’’ मला पटलं. वरचा मजला बहुधा आपल्या हौसेसाठीच असतो. ससा तर जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यातच जाऊन बसला आणि तीन दिवस तिथून हलला नाही.

मिस्त्रींचा रोज संध्याकाळी फोन. ‘‘उतरला का?’’

‘‘अजून चढलाच नाहीये, मिस्त्री.’’

चौथ्या दिवशी पहाटे भाचीने मला हलवून उठवलं. ससा खालीच, गवत चघळत. पण चौकावर पाच लेंड्या पडलेल्या होत्या. मी दुकान उघडायची वाट न पाहता फोन लावला.

‘‘वरून उतरताना पडल्यात, की चौकापर्यंतच येऊन परत फिरला?’’ त्यांनी विचारलं.

लेंड्यांवरून ते काही सांगता येईना.