मुंबईतील पाळीव कुत्र्यांच्या मलमूत्राचा प्रश्न

रस्ते, मैदाने, चाळींची अंगणे आणि गृहनिर्माण संस्थांची आवारे येथे पाळीव कुत्र्यांनी केलेली घाण, ती उचलण्याची जबाबदारी आणि त्यावरून शेजाऱ्याशेजाऱ्यांत होणारे वाद हा मुंबईच्या नागरी जीवनातील एक जुना प्रश्न आहे. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या दाट वस्तीच्या भागांत त्याला वेगळे रूप आले आहे. पाश्चात्त्य देशांत हा वाद बहुधा घरापुढील खासगी हिरवळीवरून होतो. मुंबईत अशी हिरवळ फार थोड्यांच्या वाट्याला आली आहे. येथे कुत्रा जेथे घाण करतो ती जागा जवळजवळ नेहमी सामाईक असते. त्यामुळे तक्रार करणारा एकटा नसतो आणि साफ करणारा मात्र कोणीच नसतो.

वस्तीचे स्वरूप

गिरगावातील वाड्या आणि परळ-लालबागच्या गिरणगावातील चाळी यांची रचना मधल्या अंगणाभोवती झालेली आहे. या अंगणात मुले खेळतात, वाळवणे पडतात, तुळशीवृंदावन असते आणि भाद्रपदात मंडप उभा राहतो. गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला तो अशाच सामाईक जागेच्या बळावर. अशा अंगणात कोपऱ्यात पडलेली घाणसुद्धा सर्वांच्या पायाखाली येते.

१९८२च्या गिरणी संपानंतर गिरण्यांच्या जमिनींवर आणि पुनर्विकसित चाळींच्या जागी उंच इमारती आल्या. त्यांतील अंगण पोडियमवर गेले आणि तेथे लावलेल्या गवताला ‘लॉन’ हे नाव मिळाले. वाहनतळाच्या छतावर काही फूट मातीत वाढवलेले हे गवत नाजूक असते व त्याच्या देखभालीचा खर्च सर्व सदनिकाधारक उचलतात. परळ-लालबागमध्ये ‘शेजाऱ्याचा कुत्रा आणि आमची हिरवळ’ हा वाद शब्दशः खरा ठरला तो या इमारतींमुळे.

दादरमध्ये शिवाजी पार्क, पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी आणि जवळचे फाइव्ह गार्डन्स हे कुत्रे फिरवण्याचे नित्याचे मार्ग आहेत. शिवाजी पार्क १९२५मध्ये लोकांसाठी खुले झाले. त्याच्या कट्ट्याभोवती पहाटे चालायला येणारे ज्येष्ठ, क्रिकेटचा सराव करणारी मुले आणि कुत्रे घेऊन आलेले रहिवासी एकाच वेळी जमतात. मैदानाच्या मातीत पडलेली घाण चटकन दिसत नाही आणि झेल घेण्यासाठी सूर मारणाऱ्या मुलाला ती नको तेव्हा सापडते.

इतिहास

कुत्र्यांवरून मुंबईत झालेला सर्वांत गाजलेला संघर्ष १८३२चा आहे. भटक्या कुत्र्यांना ठार मारण्याची मोहीम कंपनी सरकारने चालवली होती आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवले होते. बक्षिसाच्या लोभाने घरच्या कुत्र्यांनाही पकडले जाऊ लागले. ६ जून १८३२ रोजी कोट भागात पारशी जमावाने शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला आणि कुलाब्याच्या लष्करी छावणीचा रसदपुरवठाही विस्कळीत झाला. झरतुष्ट्र धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान असल्याने या मोहिमेमुळे धार्मिक भावना दुखावल्या होत्या. जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने १८३४मध्ये भुलेश्वरजवळ पांजरपोळ स्थापन झाले.

पुढे परळला प्राण्यांसाठी बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय सुरू झाले आणि १८८६मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना झाली. आजही मध्य मुंबईतील अनेक कुत्र्यांचे लसीकरण परळलाच होते.

भटक्या कुत्र्यांना मारण्याचे धोरण महानगरपालिकेने १९९०च्या दशकात सोडले आणि निर्बीजीकरणाचा मार्ग धरला. २०१४च्या गणनेत शहरात सुमारे ९५ हजार भटके कुत्रे आढळले, तर २०२४मध्ये ही संख्या सुमारे ९१ हजार होती. मलमूत्राच्या तक्रारीत याला महत्त्व आहे, कारण आवारातील घाण नेमकी कोणत्या कुत्र्याची हे बहुधा कोणी पाहिलेले नसते. पाळीव कुत्र्याचा मालक भटक्याकडे बोट दाखवतो. भटक्यांना खाऊ घालणाऱ्यावर पाळीवांचा दोषही येतो.

आरोग्यविषयक बाजू

कुत्र्याच्या विष्ठेतून पसरणाऱ्या परजीवींपैकी टोक्सोकॅरा कॅनिस हा गोलकृमी मुलांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्याची अंडी ताज्या विष्ठेत संसर्गक्षम नसतात. मातीत साधारण दोन ते चार आठवडे राहिल्यावर ती संसर्गक्षम होतात आणि नंतर दीर्घकाळ टिकतात. मातीचे हात तोंडात गेल्यास अळ्या शरीरात फिरतात व क्वचित डोळ्यालाही इजा करतात. त्याच दिवशी विष्ठा उचलली, तर हा धोका जवळजवळ नाहीसा होतो. ती पावसाने विरघळून ‘दिसेनाशी’ झाली तर मात्र धोका मातीतच राहतो. अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायाच्या त्वचेतून शिरतात आणि नागमोडी, खाजरे वळ उठवतात.

मूत्राच्या बाबतीत लेप्टोस्पायरोसिसचा विचार करावा लागतो. २६ जुलै २००५च्या महापुरानंतर हा आजार मुंबईकरांच्या परिचयाचा झाला. शहरात त्याचा मुख्य वाहक उंदीर आहे. पण संसर्ग झालेल्या कुत्र्याच्या व गुराढोरांच्या मूत्रातूनही त्याचे जिवाणू पाण्यात उतरतात आणि पायावरील जखमेतून शरीरात जातात. हिंदमाता आणि परळच्या सखल भागांत पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचते, तेव्हा हे पाणी कोठून कोठून वाहत आले हे सांगता येत नाही. त्यामुळे अशा पाण्यातून चालल्यानंतर लवकर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, असे आवाहन महापालिका करते. कुत्र्यांसाठी या आजाराची लस उपलब्ध आहे.

रेबीज विष्ठेतून किंवा मूत्रातून पसरत नाही. सोसायटीच्या सभांमध्ये या भीतीचा उल्लेख हमखास होतो, परंतु त्याला आधार नाही.

गवतावरील परिणाम आणि लोकोपाय

कुत्र्याच्या मूत्रातील नत्रयुक्त द्रव्ये आणि क्षार एकाच ठिकाणी साचल्यामुळे गवत जळते. मध्ये पिवळा डाग आणि भोवती गर्द हिरवे कडे अशी त्याची ओळख असते. कडेला तेच नत्र विरळ होऊन खताचे काम करते. मादी एकाच जागी बसून मूत्र सोडते म्हणून तिचे डाग अधिक ठळक पडतात, तर नर खांब, झाडाचे बुंधे आणि गाड्यांची चाके निवडतो. लगेच भरपूर पाणी ओतणे हा सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे.

लाल किंवा निळ्या पाण्याने भरलेल्या बाटल्या फाटकाला बांधणे वा पायरीवर ठेवणे हा मुंबईसह महाराष्ट्रात सर्रास दिसणारा लोकोपाय होय. कुत्रा त्या रंगाला घाबरतो, अशी समजूत आहे. कुत्र्याला निळा व पिवळा हे रंग ओळखता येतात, लाल मात्र मळकट दिसतो. त्यांपैकी कोणत्याही रंगाची त्याला भीती वाटते याला शास्त्रीय आधार नाही. बाटलीलाच पाय वर करणारे कुत्रे गिरगावात दुर्मिळ नाहीत. मिरचीपूड, डांबरगोळ्या किंवा फिनाईल टाकण्याचे प्रकारही होतात. डांबरगोळ्या पोटात गेल्यास कुत्र्यांना आणि लहान मुलांनाही विषबाधा होते, आणि फिनॉलयुक्त द्रव पंजाला लागून चाटला गेल्यास अपाय करतो.

कायदा

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ नुसार पाळीव कुत्र्यासाठी परवाना आवश्यक आहे. बृहन्मुंबई स्वच्छता व आरोग्य उपविधी, २००६ अन्वये पाळीव प्राण्याची विष्ठा सार्वजनिक जागी टाकून जाणाऱ्या मालकास ५०० रुपये दंड ठरवण्यात आला. गिरगाव ‘डी’ विभागात, परळ-लालबाग ‘एफ दक्षिण’मध्ये आणि दादर पश्चिम ‘जी उत्तर’मध्ये मोडते, तक्रार त्या त्या विभाग कार्यालयात करावी लागते. दंडवसुलीसाठी नेमलेल्या ‘क्लीन-अप मार्शल’ची योजना अनेकदा सुरू झाली, बंद पडली आणि वादग्रस्तही ठरली. पहाटे सहा वाजता मार्शल नसतो आणि कुत्रा असतो, ही या उपविधीची खरी अडचण आहे.

सोसायट्यांच्या अधिकारांबद्दल गैरसमज पुष्कळ आहेत. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टचा वापर नाकारता येत नाही आणि कायद्याचा आधार नसताना मालकांवर वेगळा दंडही लादता येत नाही. मात्र त्याच सूचना मालकांना विष्ठा उचलण्यास सांगतात. मुंबईत पालिकेचा उपविधी आहे, म्हणून दंड सोसायटीने आकारावा असा त्याचा अर्थ होत नाही. तो अधिकार पालिकेचा आहे. भटक्या कुत्र्यांबाबत प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ लागू होतात. त्यांनुसार खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून आणि प्रवेशद्वारापासून दूर ठरवावी लागते.

कुत्र्याला विष घालणे किंवा जखमी करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे. प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० मधील दंड मात्र अजूनही दहा ते पन्नास रुपयांच्या घरात आहे.

वाद मिटवण्याच्या रीती

व्यवहारात बहुतेक वाद कायद्यापर्यंत जात नाहीत. जुन्या चाळीत एखादी काकू गॅलरीतूनच मालकाला नावाने हाक मारते आणि प्रश्न तेथेच संपतो. टॉवरमध्ये एकमेकांची नावे ठाऊक नसतात, म्हणून तक्रार आधी सेक्रेटरीकडे, मग सूचना फलकावर आणि शेवटी उपनिबंधकांकडे जाते. कॅमेऱ्याचे चित्रण दाखवून केलेली तक्रार टिकते, पण ते सर्वांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकल्यास मूळ प्रश्न बाजूला पडून मानापमान सुरू होतो. ज्या संस्थांनी आवारातील एक कोपरा वाळू टाकून कुत्र्यांसाठी राखला, तेथे झाकणाचा डबा ठेवला आणि सफाई कामगाराला हे काम न देता मालकांवर सोपवले, तेथे भांडणे सहसा कमी होतात. जुन्या वर्तमानपत्राने विष्ठा उचलून ती शौचालयात टाकणे ही मुंबईत रुळलेली रीत आहे. कागद किंवा पिशवी मात्र शौचालयात टाकू नये, अन्यथा जुन्या इमारतींचे नळ तुंबतात.

सफाई कामगाराचा प्रश्न या चर्चेत क्वचितच उपस्थित होतो. मालकाने न उचललेली घाण अखेर त्याच्याच झाडूखाली येते, आणि अनेकदा त्याला हातमोजेही दिलेले नसतात.

इतर शहरे

न्यूयॉर्कमध्ये १९७८पासून कुत्र्याची विष्ठा उचलणे मालकांवर बंधनकारक आहे. पॅरिसने १९८०च्या दशकात विष्ठा शोषून घेणाऱ्या खास मोटारसायकली रस्त्यावर आणल्या होत्या. खर्च फार आणि उपयोग थोडा, असा अनुभव आल्यावर २००४च्या सुमारास त्या बंद करून मालकांना दंड करण्यावर भर देण्यात आला.