‘लोकल लेट होती’ म्हटलं की भागतं?

नोकरीच्या मुलाखतीला आपल्याला उशीर होणार, हे उमेदवाराला सहसा वेळ उलटण्याच्या बरंच आधी कळलेलं असतं. अकराची वेळ बीकेसीत दिलेली आहे आणि साडेदहाला गाडी अजून मुलुंडलाच उभी आहे, म्हणजे हिशोब उघड आहे. तरी फोन जातो तो अकरा वाजून दहा मिनिटांनी. मधल्या चाळीस मिनिटांच्या गप्प बसण्यामागे काही पक्के गैरसमज असतात.

गैरसमज : उशीर झाला की संधी गेलीच, कळवून काय होणार?

वस्तुस्थिती : खासगी कंपन्यांत एकाच दिवशी अनेक उमेदवारांना पाठोपाठच्या वेळा दिलेल्या असतात. अर्धा तास आधी कळलं, तर एचआरला आधीच येऊन बसलेल्या पुढच्या उमेदवाराला आत पाठवता येतं. वेळ टळल्यावर कळलं, तर पॅनेल तोवर रिकामं बसून वैतागलेलं असतं. मुलाखत घेणारा माणूस त्या वेळी मेल उघडून पाहीलच असं नाही, म्हणून आधी फोन करावा आणि मग दोन ओळींचा निरोप पाठवावा : ‘अकराच्या मुलाखतीसाठी येतो आहे. गाडी अडकल्यामुळे साडेअकरापर्यंत पोहोचेन. आज नंतरची वेळ मिळू शकेल का?’ ‘लवकरच पोहोचतो’ या उत्तरावरून समोरच्याला काहीच ठरवता येत नाही. वेळ सांगताना हातची दहा मिनिटं राखून सांगावी, कारण दुसऱ्यांदा मुदत मागणं जास्त महागात पडतं.

गैरसमज : मुंबईत लोकलचं कारण सगळ्यांनाच पटतं.

वस्तुस्थिती : अनपेक्षित असेल तर पटतं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्या दिवशी कोण का पोहोचला नाही, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. रविवारचा मेगाब्लॉक मात्र रेल्वे आधी जाहीर करते. तो माहीत नव्हता असं सांगणारा उमेदवार आपली तयारी कच्ची असल्याचंच सांगत असतो.

जपानमध्ये गाडी रखडली की रेल्वे कंपन्या प्रवाशाला विलंबाचा दाखला देतात आणि तो कार्यालयात दाखवता येतो. आपल्याकडे खरं कारण एका वाक्यात सांगितलं तरी पुरतं. त्यात आजीचं आजारपण घालण्याची गरज नसते. दारात एकदा दिलगिरी व्यक्त करावी आणि पुढे कामाचं बोलावं.

गैरसमज : मॅपवर पन्नास मिनिटं दिसतात, म्हणजे तासभर आधी निघालं की झालं.

वस्तुस्थिती : माणसाचा स्वतःच्या कामाबद्दलचा अंदाज बहुधा आशावादी असतो. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी सुमारे ३४ दिवसांत पूर्ण होईल असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. शिवाय मॅप फाटकापर्यंतच नेतो. हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये किंवा बीकेसीतल्या टॉवरमध्ये ओळखपत्राची नोंद, पास आणि लिफ्टची रांग यांत आणखी वेळ जातो. म्हणून परिसरात अर्धा-पाऊण तास आधी पोहोचावं. पण रिसेप्शनवर दहा-पंधरा मिनिटं आधीच हजर व्हावं. तासभर आधी जाऊन बसलं तर समोरच्यांनाच अवघडल्यासारखं होतं.

गैरसमज : तारीख बदलून मागितली की नोकरीची गरज नाही असा अर्थ निघतो.

वस्तुस्थिती : इथे खासगी आणि सरकारी असे दोन वेगळे नियम आहेत.

खासगी नोकरीत परीक्षा, आजारपण किंवा सध्याच्या कंपनीत सुट्टी न मिळणं ही रोजची कारणं आहेत. विनंती शक्यतो आदल्या दिवशीपर्यंत करावी आणि सोबत दोन-तीन पर्यायी वेळा द्याव्यात, म्हणजे एचआरला फक्त एक निवडावी लागते. पुन्हा पुन्हा तारीख बदलली, तर मात्र शंका येणारच.

सरकारी भरतीत ही मुभा गृहीत धरू नये. केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवांसाठीची व्यक्तिमत्त्व चाचणी २७५ गुणांची असते आणि ती दिल्लीच्या धोलपूर हाउसमध्ये होते. पत्रात दिलेली तारीख बदलण्याची विनंती आयोग सहसा मान्य करत नाही. महापालिका किंवा जिल्हा परिषदेच्या ‘थेट मुलाखती’ला जातानाही जाहिरातीत छापलेली हजेरीची वेळच अंतिम मानावी.

गैरसमज : ऑनलाइन मुलाखतीत उशीर होतच नाही.

वस्तुस्थिती : तिथे ट्रॅफिक नसतो, घड्याळाचा घोळ असतो. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे केली जातात. न्यूयॉर्कमधले सकाळचे नऊ हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात असतात, उन्हाळ्यात साडेसहा. फेब्रुवारीतला हिशोब मार्चअखेरीस तसाच धरला, तर लॅपटॉपसमोर तयार बसलेला उमेदवारही तासभर उशिरा उगवतो. ज्यांचं नेट रुसतं, त्यांनी मोबाइलचा हॉटस्पॉट आधी जोडून पाहावा.

गैरसमज : कंपनीनं ताटकळत ठेवलं तर उमेदवारानं काही बोलू नये.

वस्तुस्थिती : वीस-पंचवीस मिनिटं झाल्यावर ‘साधारण किती वेळ लागेल?’ असं शांतपणे विचारणं अजिबात उद्धटपणाचं नाही. पुढे दुसरीकडे जायचं असेल तर तेही सांगावं.

मुलाखतीच्या पत्रात पुष्कळदा फक्त मेलचा पत्ता असतो. आदल्या दिवशी संपर्क व्यक्तीचा थेट फोन नंबर मागून घ्यावा, तो मोबाइलमध्ये साठवावा आणि उशीर होणार हे दिसताक्षणी लावावा.