ओढल्यामुळे सुटतात की सुटल्यामुळे ओढली जातात?

पेशीविभाजनातल्या पश्चावस्थेचं आपण शाळेपासून पाठ केलेलं वाक्य एकच: तुर्कतंतू गुणसूत्रांना विरुद्ध ध्रुवांकडे ओढतात. प्रवेश परीक्षेला एवढं पुरतं. पीएचडीच्या मुलाखतीत मात्र पुढचा प्रश्न येऊ शकतो, 'मग ती त्याच क्षणी का सुटली?'

कारण ओढाताण मध्यावस्थेतच सुरू झालेली असते. गुणसूत्राच्या दोन्ही प्रतींवर दोन बाजूंनी ताण असतो, तरी जोडी फुटत नाही. कोहेसिन नावाचं कड्यासारखं प्रथिन त्यांना एकत्र धरून असतं. ते कापणारं विकर म्हणजे सेपरेज, आणि त्याला सिक्युरिनने अडवून ठेवलेलं असतं. शेवटचं गुणसूत्र तंतूंना नीट जोडलं गेलं की एपीसी हा प्रथिनसमूह सिक्युरिन नष्ट करायला लावतो. सेपरेज मोकळं होतं आणि कडी तुटतात. एवढी वाट बघायचं कारण साधं आहे: एकदा कापलं की माघार नाही. अंडपेशी बनताना अशा वाटणीत २१वं गुणसूत्र एक जास्त गेलं, तर बाळाला डाऊन सिंड्रोम होऊ शकतो.

आता खरी गंमत. १९९९ मध्ये फ्रँक उलमान, किम नास्मिथ आणि सहकाऱ्यांनी यीस्टमध्ये दाखवलं, की कोहेसिनचा एससीसी१ हा भाग पश्चावस्थेच्या सुरुवातीला कापला जातो. तो कापताच येणार नाही असा बदलला, तर प्रती सुटत नाहीत. म्हणजे कापणं आवश्यक आहे. पण पुरेसं आहे का? सेपरेज आणखीही काही करत असेल तर?

म्हणून २००० मध्ये त्यांनी एससीसी१मध्ये एक परकी जागा घातली, जी फक्त तंबाखूच्या एका विषाणूचं टेव्ह हे विकर कापतं. पेशी मध्यावस्थेत अडकवून ठेवल्या, सेपरेजला हात लावला नाही, फक्त टेव्ह तयार करायला लावलं. गुणसूत्रं ध्रुवांकडे निघाली! नियंत्रण प्रयोग सोडले तर इतका सरळ पुरावा क्वचितच मिळतो. मुलाखतीला जाणाऱ्यांनी हा पेपर मुळातून वाचाच.

गोष्ट इथे संपत नाही हं. २०१० मध्ये फळमाशीच्या भ्रूणात हीच युक्ती केली, तेव्हा प्रती सुटल्या, ध्रुवांकडे गेल्यासुद्धा, पण तिथे थांबेनात. इकडून तिकडे भरकटायला लागल्या. सीडीके१ हे विकर अजून चालूच होतं. तेही बंद केलं तेव्हा कुठे त्या जागेवर राहिल्या.